जनुकाची कात्री नेमकं कुठे कापायचं हे ओळखते कशी?

मासुंदाकाठी (मंगळवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. लेक बारावीत आहे, जीवशास्त्रात जैवतंत्रज्ञानाचा धडा सुरू झालाय. क्लासमध्ये सरांनी सांगितलं की एन्झाइम म्हणजे कात्री, लायगेज म्हणजे डिंक आणि प्लाझ्मिड म्हणजे टेम्पो. मानवी जनुक कापा, टेम्पोत चढवा, जिवाणूत उतरवा, झालं इन्सुलिन तयार. पोरगी घरी येऊन मला विचारते, "आई, कात्री चालवायला हात लागतो आणि बघायला डोळे. इथे दोन्ही नाहीत, मग बरोबर त्याच जागी कापलं जातं कसं?" क्लासमध्ये विचारलं तर "परीक्षेत एवढं विचारत नाहीत" असं उत्तर मिळालं.

मी पडले कॉमर्सवाली, मला डेबिट-क्रेडिटच्या पुढे काही येत नाही. इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. कृपया कात्री-डिंक-टेम्पो नको, खरंखुरं काय होतं ते सांगा.

जाता जाता आणखी दोन प्रश्न. सासूबाई रोज इन्सुलिन घेतात. "आजी, हे जिवाणूंनी बनवलंय" असं नातीने सांगितल्यापासून त्या त्या पेनाकडे संशयाने बघतायत. आणि जांभळी नाक्यावर हल्ली मिळणारी ती हातभर लांब काकडी आणि बिनबियांची कलिंगडं 'जेनेटिक' असतात का?

---

डबलफास्ट

पहिला! धागा समजला नाही पण वाचनखूण साठवली आहे.

---

प्रयोगवही

लेकीला आधी माझा नमस्कार सांगा. हा प्रश्न एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत विचारला की निम्मी मुलं छताकडे बघतात.

एकच एन्झाइम घेऊ, इकोआर-वन. ई. कोलाय जिवाणूच्या एका वाणात सापडलेलं प्रथिन, दोन जुळ्या तुकड्यांची जोडी. डीएनएच्या पिळाला बाहेरून दोन खाचा असतात, एक रुंद आणि एक अरुंद. रुंद खाचेत ए, टी, जी, सी या चार घटकांच्या, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या, कडा उघड्या पडलेल्या असतात. पीळ उलगडायची गरजच नाही. प्रत्येक अक्षराच्या कडेला हायड्रोजन बंध कुठे जुळेल आणि कुठे जुळणार नाही याची ठेवण वेगळी. इकोआर-वन डीएनएला सैलसर धरून घसरत राहतं. बहुतेक ठिकाणी त्याच्या अमिनो आम्लांचं काही जमत नाही, ते पुढे सरकतं. जीएएटीटीसी ही सहा अक्षरं लागली की सगळे बंध एकदम जुळतात, प्रथिनाचा आकार जरासा बदलतो, मॅग्नेशियमचा आयन जागेवर येतो आणि तेव्हाच डीएनएचा कणा तुटतो. पाचच अक्षरं जुळली आणि सहावं चुकलं, तर कापण्याचा वेग इतका घसरतो की कापलं नाही असंच समजायचं. म्हणजे ते बघत नाही, चाचपतं.

आता ही सहाच अक्षरं का? वरच्या पट्टीवर डावीकडून वाचा: जीएएटीटीसी. खालच्या पट्टीवर उजवीकडून वाचा: तेच. प्रथिनाचे दोन जुळे तुकडे दोन पट्ट्यांवर समोरासमोर बसू शकतात ते या रचनेमुळे. दोघेही आपापल्या पट्टीवर जी आणि ए यांच्या मध्ये कापतात. काप समोरासमोर येत नाहीत, त्यामुळे दोन्ही टोकांना एएटीटी अशी चार अक्षरं एकेरी लोंबत राहतात. माणसाचा डीएनए आणि प्लाझ्मिड (जिवाणूतलं डीएनएचं सुटं गोल कडं) दोन्ही याच एन्झाइमने कापले की टोकं एकमेकांना पूरक. ती हलकेच जुळतात, मग लायगेज कणा पक्का जोडतं.

मुलीला एक गणितही द्या. चार अक्षरं, सहा जागा, म्हणजे चाराचा सहावा घात: ४०९६. सरासरी एवढ्या अक्षरांमागे एकदा ही खूण योगायोगाने येणारच. माणसाचा जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए, सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. तेव्हा "बरोबर त्याच जागी" कापतं हे अर्धंच खरं आहे, कारण अशा लाखो जागी ते कापतं. हवं ते जनुक असलेला तुकडा त्यातून हुडकणं हे पुढचं काम.

---

पेशीतला_पेशवा

उलटसुलट सारखं? म्हणजे 'तो कवी डालडा विकतो' सारखं ना? आमच्या शाळेत हे पाठ न येणाऱ्याला बाकावर उभं करायचे.

---

प्रयोगवही

@पेशवा, कवी एकाच ओळीत मागे-पुढे वाचता येतो. इथे उलटं वाचन समोरच्या पट्टीवर करायचं. परीक्षेत मुलं नेमकी इथेच घोळ करतात, जीएएटीटीसी उलटं लिहून "सर, सारखं नाही येत" म्हणतात.

---

घंटाळीचा_गप्पिष्ट

थोडा इतिहास टाकतो, नाहीतर हे सगळं कुणीतरी एका दिवसात केलं असं वाटेल. जिवाणू विषाणूचा डीएनए कापून स्वतःला वाचवतात हे वर्नर आर्बर यांनी १९६०च्या दशकात मांडलं. हॅमिल्टन स्मिथ यांनी ठरावीक खुणेवर कापणारं एन्झाइम वेगळं केलं, डॅनियल नेथन्स यांनी ते वापरून विषाणूच्या डीएनएचा नकाशा काढला. १९७८चं नोबेल तिघांना मिळून. पॉल बर्ग यांनी १९७२ मध्ये दोन वेगळ्या जीवांचा डीएनए जोडून दाखवला. त्याच वर्षी हवाईतल्या एका परिषदेत स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर भेटले. एकाकडे प्लाझ्मिड, दुसऱ्याकडे इकोआर-वन. रात्री खाता खाता बेत ठरला आणि १९७३ मध्ये प्रयोग जमला. कोहेन यांच्या त्या प्लाझ्मिडवर इकोआर-वनची खूण एकाच ठिकाणी होती, हे नशीब म्हणा. दहा ठिकाणी असती तर त्याचे तुकडे गोळा करत बसावं लागलं असतं.

---

रबाळे_लोकल

सरांनी "झालं इन्सुलिन तयार" म्हटलं तिथून माझी नोकरी सुरू होते, म्हणून लिहितो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका जैवऔषधी प्लांटमध्ये आहे, शुद्धीकरण विभागात. कंपनीचं नाव विचारू नका.

पहिली गोष्ट: प्लाझ्मिड जिवाणूत "उतरवता" येत नाही. कॅल्शियम क्लोराइडच्या थंड द्रावणात जिवाणू ठेवतात, प्लाझ्मिड मिसळतात आणि नळी ४२ अंशांवर मिनिटभराच्या आसपास धरून परत बर्फात. या धक्क्यात थोड्याच जिवाणूंच्या आत प्लाझ्मिड जातं. बाकीचे कोरडेच राहतात. दिसायला सगळे एकसारखे, मग आत गेलं कोणाच्या हे कसं ओळखणार? म्हणून प्लाझ्मिडवर आधीच अँपिसिलिनला दाद न देणारं जनुक ठेवलेलं असतं. अँपिसिलिन घातलेल्या ताटलीवर सगळे पसरायचे. ज्याच्याकडे प्लाझ्मिड नाही तो मरतो. सकाळी ताटलीवर ठिपके दिसतात, एकेक ठिपका म्हणजे एकेका वाचलेल्याची प्रजा.

तरी संपलं नाही. प्लाझ्मिड आपलं जनुक न घेता स्वतःशीच परत जुळलेलं असू शकतं. त्यासाठी निळ्या-पांढऱ्याची युक्ती. जोडणीची जागा अशा जनुकाच्या मधोमध ठेवतात की ते शाबूत असेल तर ताटलीतल्या एक्स-गॅल नावाच्या रसायनामुळे ठिपका निळा होतो. मध्ये परकं जनुक शिरलं की ते मोडतं आणि ठिपका पांढरा राहतो. पांढरे उचलायचे, निळे सोडायचे.

दुसरी गोष्ट: माणसाचं जनुक जसंच्या तसं जिवाणूला दिलं तर त्याला वाचता येत नाही. आपल्या बऱ्याच जनुकांत मध्ये मध्ये निरर्थक मजकूर असतो, आपली पेशी तो छाटून घेते. जिवाणूकडे ती सोय नाही. म्हणून छाटलेल्या आरएनएवरून (जनुकाची पेशीने काढलेली नक्कल) उलटा डीएनए बनवून घेतात किंवा सरळ रसायनांनी जनुक जुळवतात. इन्सुलिनचं पहिलं जनुक १९७८ मध्ये असंच जुळवलेलं होतं. इन्सुलिनच्या दोन साखळ्या, २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या, वेगवेगळ्या जिवाणूंत बनवून नंतर एकत्र आणल्या होत्या. जनुकाआधी जिवाणूला कळेल असा प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा, लावावा लागतो तो वेगळाच. तो नसेल तर जनुक नुसतं पडून राहतं.

तिसरी आणि माझ्या पोटाची गोष्ट: टाकीत वाढलेल्या जिवाणूंमध्ये त्यांची स्वतःची हजारो प्रथिनं असतात. त्यातून आपलं एक काढायचं म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावरून एकच माणूस काढायचा, आणि तोही एकटाच आला पाहिजे, शेजारच्याला धरून नाही. बऱ्याचदा प्रथिन जिवाणूच्या आत चुकीची घडी पडून गोळा होऊन बसलेलं असतं. ते विरघळवा, परत बरोबर घडी घालू द्या, इन्सुलिनचे तीन गंधकबंध बरोबर जागी जुळलेत का पाहा, मग मिश्रणातले पदार्थ वेगळे करणारे क्रोमॅटोग्राफीचे स्तंभ एकामागून एक. जिवाणूच्या आवरणातलं विष औषधात उरलं तर माणसाला ताप भरतो, त्याची वेगळी चाचणी. कापाकापी एका टेबलावर दोन दिवसांत होते. आमचा विभाग एक मजला खातो.

---

मासुंदाकाठी

@प्रयोगवही, @रबाळे_लोकल, दंडवत! लेकीने दोन्ही प्रतिसाद वहीत उतरवून घेतले. ४०९६ वाचून खूश झाली, म्हणे "म्हणजे माझी शंका बरोबर होती." निळ्या-पांढऱ्याचं मलासुद्धा कळलं, चक्क.

सासूबाईंचा प्रश्न मात्र राहिला.

---

खारघरची_सिस्टर

ताई, आजींना सांगा की माणसाचं इन्सुलिन यायच्या आधी ते डुकरांच्या आणि गाईगुरांच्या स्वादुपिंडातून काढायचे. १९२२ मध्ये टोरंटोत पहिल्या रुग्णाला दिलं तेव्हापासून हेच. डुकराचं इन्सुलिन आपल्यापेक्षा एका अमिनो आम्लाने वेगळं, गाईचं तीन. चालायचं, पण काहींना त्याची ॲलर्जी यायची. जिवाणूकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत १९८२ मध्ये मंजुरी मिळाली. आता काही कंपन्या यीस्टकडूनही बनवून घेतात. पेनात जिवाणू नसतात, इन्सुलिन असतं, आणि ते अगदी माणसाचं किंवा त्यात मुद्दाम थोडा बदल केलेलं.

आणि न उघडलेली पेनं फ्रीजरला चिकटवून ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं.

---

मासुंदाकाठी

सासूबाईंना वाचून दाखवलं. गाईचं ऐकून दोन मिनिटं गप्प, मग म्हणाल्या, "अगं बाई, मग जिवाणूच बरे."

---

पेशीतला_पेशवा

आजींना सांगा, पिझ्झावरच्या चीजमध्येही हेच आहे. दूध फाडायला पूर्वी वासराच्या पोटातलं रेनेट लागायचं. आता त्यातलं कायमोसिन सूक्ष्मजीवांकडून करून घेतात, अमेरिकेत १९९० पासून मंजूर. शाकाहारी मंडळींनी जनुक अभियांत्रिकीचे आभार मानले पाहिजेत.

---

सेंद्रिय_सावली

औषधाचं ठीक आहे, ते बंद टाकीत होतं. शेतात सोडलेल्या गोष्टीचं काय? मी वसंत विहारला गच्चीवर भाजी लावते, बियाणं स्वतः राखते. बाजारातली टपोरी वांगी, ढब्बू मिरची, कुठलीच धड देशी राहिलेली नाही. आपल्याला न सांगता सगळं जीएम, म्हणजे जनुक बदललेलं, खाऊ घालतायत. अळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या बीटी वांग्याला २०१० मध्ये स्थगिती द्यावी लागली ती उगाच नाही.

---

तुर्भे_मार्केट

ताई, मी एपीएमसीत फळांच्या धंद्यात आहे. भारतात लागवडीला परवानगी असलेलं व्यापारी जीएम पीक एकच, कापूस. टपोरी वांगी म्हणजे संकरित, दोन वाणांचा संकर. बिनबियांचं कलिंगड गुणसूत्रांचे तीन संच ठेवून केलेलं, त्यात परकं जनुक नाही. जळगावची ग्रँड नैन केळी टिश्यू कल्चरची: एका चांगल्या रोपाचा कोंबाचा तुकडा काचेत वाढवून हजारो रोपं, सगळी एकसारखी आणि रोगमुक्त. त्यातही जनुकाला हात लावलेला नाही. गिऱ्हाईक रोज विचारतं "जेनेटिक नाही ना?" आणि आम्ही रोज हेच सांगतो.

लांब काकडीही संकरित, बहुतेक पॉलिहाऊसची.

---

सेंद्रिय_सावली

तुम्ही सांगाल ते खरं मानायचं? नुसतं बघून ओळखता येत नाही ना? मग कशावरून?

---

प्रयोगवही

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळतं. बहुतेक जुन्या जीएम पिकांत परक्या जनुकापुढे फुलकोबीच्या एका विषाणूतून घेतलेला ३५एस नावाचा प्रमोटर लावलेला असतो. तर पानाचा डीएनए काढा आणि पीसीआरने ३५एस आहे का ते शोधा.

पीसीआर म्हणजे कोविडमध्ये आपण सगळ्यांनी नाकातून जे करून घेतलं तेच तंत्र, फक्त तिथे आधी आरएनएचा डीएनए करतात. कॅरी म्युलिस यांना १९८३ मध्ये सुचलं, १९९३चं नोबेल. नळीत डीएनए, हव्या तुकड्याच्या दोन टोकांना जुळणारे वीस-एक अक्षरांचे प्रायमर, सुटी अक्षरं आणि टॅक पॉलिमरेज नावाचं एन्झाइम. ९५ अंशांना पट्ट्या सुटतात, ५५ च्या आसपास प्रायमर आपापल्या जागी बसतात, ७२ ला टॅक नवी पट्टी विणतं. एक फेरी झाली की दुप्पट. ३० फेऱ्यांनी एका रेणूचे कागदावर १०७ कोटी. ९५ अंशांना साधं एन्झाइम मरून जातं. टॅक मरत नाही, कारण ते अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यांत राहणाऱ्या जिवाणूचं आहे. (गणेशपुरी-वज्रेश्वरीच्या कुंडांतही उष्णताप्रिय जिवाणू असतात, पण नोबेल तिकडे गेलं.)

मग तो द्रव अ‍ॅगॅरोजच्या जेलमध्ये भरून वीज लावायची. डीएनएवर ऋण भार, तो धन टोकाकडे निघतो, लहान तुकडे पुढे, मोठे मागे रेंगाळतात. शेजारी मापाचे तुकडे पळवलेले असतात. आपल्या रकान्यात ठरलेल्या उंचीला पट्टी चमकली तर जनुक आहे. नसेल तर नाही, अर्थात चाचणी चालली हे दाखवणारी दुसरी पट्टी दिसली पाहिजे. प्रमोटरच नसलेलं नवं संपादित पीक मात्र यात सापडणार नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा

हे सगळं वाचून राहिलो होतो, आता बोलतोच. ऐरोलीत राहतो, पण गाव अकोट तालुक्यात, घरी पऱ्हाटी, म्हणजे कापूस.

सावलीताई, २००२ मध्ये बीटी कापूस आला तेव्हा मी शाळेत होतो. त्याआधीचं आठवतं: पाठीवर पंप बांधून बाबा हिरव्या बोंडअळीवर फवारे मारायचे, तोंडाला नुसता दुपट्टा. बीटी आल्यावर त्या अळीसाठीचे फवारे खरंच कमी झाले. बीटीचं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतं, तिथल्या ठरावीक ग्राही रेणूंना चिकटतं आणि आतड्याला भोकं पाडतं. आपलं पोट आम्ल आणि तसे ग्राही रेणूच नाहीत. आणि ते जनुक ज्या जिवाणूचं आहे त्याचा फवारा सेंद्रिय शेतीतही चालतो, तुमच्या गच्चीवरही असेल.

पण पुढचंही सांगतो. २०१७ ला गुलाबी अळीनं पार वाट लावली. फुलं उघडेनात, डोमकळ्या, बोंड फोडलं की आत गुलाबी अळी अन् सरकी पोखरलेली, निम्मा कापूस कवडी. दोन-दोन बीटी जनुकं असलेल्या वाणावर. कारण? ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं द्यायचे, ते चौफेर लावायचं. तिथे वाढलेल्या साध्या अळ्यांच्या पतंगांचं बीटीला पुरून उरलेल्या अळ्यांच्या पतंगांशी मीलन व्हावं आणि प्रतिकार मंदावावा म्हणून. आमच्याकडे ते पाकीट कोण लावतो! एका धुऱ्याचा माल कशाला अळीला द्यायचा? वरून फरदड, पाणी आहे म्हणून कापूस फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभा, अळीला बारमाही घर. जनुक हरलं नाही, आम्हीच त्याला हरवलं. अन् कृषी खात्यानं कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) लावा म्हटलं तर लोकं त्यात भाजी आणायची पिशवी ठेवत.

---

सेंद्रिय_सावली

@ठेचा, फवारा पावसाने धुऊन जातो, झाडात असलेलं प्रथिन पानापानात हंगामभर राहतं. प्रतिकार त्यामुळेच लवकर आला, हे तुम्हीच वेगळ्या शब्दांत सांगताय. शिवाय आपल्याकडे बीटी जवळजवळ सगळं संकरित वाणांतून दिलं, म्हणजे दरवर्षी बियाणं विकत. चीनमध्ये सरळ वाणांतही आहे. माझा आक्षेप जनुकावर कमी, मालकीवर जास्त.

---

वऱ्हाडी_ठेचा

मालकीवर सहमत, ताई. पण गावात बहुतेकांना बंदी नको आहे. २०१९ ला अकोली जहागीरला शेतकरी संघटनेनं तणनाशक सोसणारं, परवानगी नसलेलं बियाणं जाहीर कार्यक्रम करून पेरलं, आमच्याच तालुक्यात. निंदणाला मजूर मिळत नाही हो. चोरबाजारातून घेतलेल्या बियाण्यात काय आहे ते पीसीआरवालेच जाणोत.

---

डबलफास्ट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मका जीएम नाही ना?

---

संपादक

दोन प्रतिसादांतले वैयक्तिक शेरे काढले आहेत. बियाणे कंपन्या आणि मालकी यावर वेगळा धागा काढावा, इथे मूळ विषयावर यावे ही विनंती.

---

नेरुळचे_आजोबा

मी तुर्भे बेटावरच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातून निवृत्त झालो. वाशीच्या पुलावरून घुमट दिसतो ते. आमच्याकडे बियाण्यांवर गॅमा किरण सोडून उत्परिवर्तनं घडवायचे. कुठलं जनुक बदलेल हे आधी कुणालाच माहीत नसायचं. हजारो रोपं लावायची, बहुतेक टाकून द्यायची, एखादं चांगलं निघालं तर पिढ्यान्‌पिढ्या तपासायचं. टीएजी-२४ भुईमूग आणि टीएयू-१ उडीद असे आले, त्या नावांतला 'टी' ट्रॉम्बेचा आणि 'ए' अकोल्याचा. ठेचासाहेबांच्या गावाशी नातं आहे आमचं. गंमत अशी की किरणांनी अनोळखी ठिकाणी केलेले बदल नियमांत जीएम धरत नाहीत, आणि एकच जनुक मोजून-मापून घातलं की धरतात.

वाशीच्या विकिरण केंद्रात आंब्यावर किरण सोडतात ते निराळं. ते कीड मारायला, त्याने आंब्याचं वाण बदलत नाही. हा गैरसमज सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये मला दूर करावा लागतो.

---

प्रयोगवही

आजोबांच्या मुद्द्याला धरून क्रिस्पर हे जनुक संपादनाचं तंत्र येतं, आणि लेकीच्या प्रश्नाचा दुसरा भागही. इकोआर-वन जी सहा अक्षरं ओळखतं ती त्याच्या अंगातच घडलेली आहेत. दुसरी खूण हवी तर दुसरं प्रथिन शोधा. क्रिस्परमधलं कॅस-नाइन स्वतः फार थोडं ओळखतं, शेजारी दोन जी आहेत का एवढंच. तेवढं जुळलं की ते पीळ उघडतं आणि सोबतच्या आरएनएची वीस अक्षरं डीएनएशी पडताळतं. जुळली तर कापतं. दुसरीकडे कापायचं असेल तर आरएनएची वीस अक्षरं बदला, प्रथिन तेच. शार्पेंतिए आणि डाउडना यांनी २०१२ मध्ये दाखवलं, २०२०चं नोबेल. आणि इथे चाराचा विसावा घात करून बघा, म्हणजे अख्ख्या जीनोममध्ये एकच जागा कशी गाठता येते ते कळेल. अर्थात एखाद-दुसरं अक्षर न जुळताही कधी कधी कापतं, डोकेदुखी तीच आहे.

कापून सोडलं की पेशी घाईघाईने जोडते आणि त्यात अक्षर गळतं, जनुक बंद पडतं. परकं काही उरत नाही. आपल्याकडे २०२२ मध्ये अशा संपादित पिकांना जीएमच्या कडक नियमांतून सूट मिळाली आणि मे २०२५ मध्ये भाताचे दोन संपादित वाण जाहीर झाले, कमला आणि पुसा डीएसटी राइस-१.

---

खारघरची_सिस्टर

माणसांतही आलंय. सिकलसेलवरचं क्रिस्पर औषध ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ ला मंजूर झालं. आणि आपल्या अंगणातलं सांगते: आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या लोकांनी मिळून घडवलेली कार-टी पेशींची उपचारपद्धती, नेक्सकार-१९, तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांत सीडी-१९ ओळखणारं जनुक घालतात, पेशी वाढवतात आणि सलाईनसारख्या परत देतात. सीडी-१९ ज्या पेशींवर असतं त्या बी-पेशींचे काही रक्तकर्करोग यात येतात, सगळे कर्करोग नाहीत. नातेवाईक येऊन "आमच्या बाबांच्या फुफ्फुसाला द्या" म्हणतात, त्यांना समजावणं फार अवघड जातं.

पिशवी लहानशी असते हो. आत गढूळ पाण्यासारखं काहीतरी. ती चढत असताना अर्धी खोली श्वास रोखून असते, आणि खरी काळजी तर पुढच्या दिवसांत, ताप चढायला लागला की.

---

घंटाळीचा_गप्पिष्ट

आणि जे म्हणतात "मी जीएम काहीही अंगात घेतलं नाही", त्यांनी कोव्हिशिल्डचं प्रमाणपत्र काढून बघावं. चिंपांझीचा सर्दीचा विषाणू, वाढू नये असा केलेला, आणि त्यात कोरोनाच्या काट्याचं जनुक. शुद्ध जनुक अभियांत्रिकी.

---

सेंद्रिय_सावली

दोन्ही डोस घेतलेत. आधीच म्हटलं ना, औषधाचं ठीक आहे.

---

मासुंदाकाठी

मंडळी, लेकीने आज नवीन प्रश्न काढलाय, तिच्याच शब्दांत देते: "इकोआर-वन जर ई. कोलायच्याच पोटात तयार होतं, तर ते ई. कोलायचाच डीएनए का कापत नाही?"

---

पेशीतला_पेशवा

सोप्पंय. त्याच्या डीएनएत ती सहा अक्षरं नसतीलच.

---

प्रयोगवही

@पेशवा, असतात. ई. कोलायचा जीनोम सुमारे ४६ लाख जोड्यांचा. ४०९६ ने भागा, नुसत्या योगायोगानेही हजारावर जागा निघतात. काटेकोर उत्तर असं: जिवाणूकडे जोडीला दुसरं एन्झाइम असतं, तेही जीएएटीटीसीच ओळखतं, पण कापण्याऐवजी तिथल्या एका 'ए'वर मिथाइल गट चिकटवतं. हा गट रुंद खाचेत पुढे येतो. इकोआर-वन चाचपत येतं तेव्हा नेमका तिथला बंध जुळत नाही आणि ते पुढे निघून जातं. बाहेरून घुसलेल्या विषाणूच्या डीएनएवर ही खूण नसते, त्याचे तुकडे होतात.

आता ती पुढचं विचारेल म्हणून आधीच सांगतो. पेशी दुभंगताना डीएनएची नवी पट्टी बनते, तिच्यावर खूण नसते. पण जुनीवर असते आणि तेवढी अर्धी खूणही बचावाला पुरते. तोवर दुसरं एन्झाइम नवीवर खूण करून टाकतं. विषाणूच्या दोन्ही पट्ट्या कोऱ्या, त्याला ही सवलत नाही. हे त्यांचं आपापसातलं युद्ध आपल्या कितीतरी आधीपासून चालू आहे, आपण फक्त शस्त्र उचललं.

---

नेरुळचे_आजोबा

मुलीला माझ्यातर्फे शंभर रुपयांचं पुस्तक. पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवा.

---

डबलफास्ट

अवांतर: पुतण्या बारावी झाला. बायोटेकला घालू का? नवी मुंबईत नोकऱ्या आहेत म्हणतात.

---

रबाळे_लोकल

आहेत, पण माझं मत स्पष्ट आहे. तीन वर्षांच्या बी.एस्सी. बायोटेकपेक्षा आधी मायक्रोबायोलॉजी किंवा केमिस्ट्री पक्की करावी, मग एम.एस्सी.ला बायोटेक. भरती बहुतेक उत्पादन, क्वालिटी कंट्रोल आणि क्वालिटी ॲश्युरन्समध्ये होते, संशोधनात जागा थोड्या. पहिले काही महिने जनुक वगैरे कोणी हातात देत नाही. गाउन कसा घालायचा, जमिनीला न लागता पाय कसा टाकायचा, हे शिकवतात आणि त्याची परीक्षा घेतात: हातमोज्याचे ठसे ताटलीवर उमटवून दोन-तीन दिवसांनी काही उगवलं का बघतात. उगवलं तर परत पहिल्यापासून. मग बॅचचं दप्तर, प्रत्येक वेळ आणि सही निळ्या शाईत, खाडाखोड करायची तर एक रेघ, तारीख, कारण. पुतण्याचं अक्षर कसं आहे ते आधी बघा.

रात्रपाळी असते. चष्मा असेल तर मास्कवरच्या वाफेची सवय करायला सांगा.

---

डबलफास्ट

अक्षर माझ्यासारखंच आहे. केमिस्ट्रीला घालतो.